बांधकामातील भागीदारी : वाटा कोणाचा, तोटा कोणाचा?

(आष्टा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जमीन वाट्याने देणे ही कृष्णाकाठच्या या पट्ट्याला अपरिचित गोष्ट नव्हे. मालकाची जमीन, कसणाराचे श्रम, बी-बियाण्याचा खर्च ठरेल तसा, आणि सुगीला खळ्यावर रास पडली की दोघांच्या डोळ्यांदेखत मापे. ही पद्धत न्यायाची होती असे कोणी म्हणणार नाही. कसणाराच्या पदरात मापातही आणि हिशेबातही कमीच पडे. म्हणूनच 1948 चा कुळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 रोजी कसेल त्याची जमीन हे तत्त्व निदान कायद्याच्या पुस्तकात तरी उतरले. परंतु त्या अन्यायी व्यवहारातही एक गोष्ट होती. रास उघड्यावर पडत असे. किती पिकले हे दोघांनाही दिसत असे.

आज आष्ट्यासारख्या गावात जमीन पुन्हा वाट्याने दिली जाऊ लागली आहे. फरक इतकाच की पीक उसाचे वा हळदीचे नसून फ्लॅटचे आणि दुकानगाळ्यांचे आहे, कसणारा कूळ नसून बिल्डर आहे, आणि या वेळी दुबळी बाजू जमीनवाल्याची आहे.

डिसेंबर 2020 मध्ये मुंबई आणि इतर काही क्षेत्रे वगळता साऱ्या राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि नगरपरिषदांच्या गावांतही पूर्वीपेक्षा अधिक मजले चढविण्यास वाव मिळाला. पेठेतल्या जुन्या वाड्याखालच्या जागेला त्यामुळे वाड्यापेक्षा कितीतरी अधिक मोल आले. समजा, सहा गुंठ्यांवर असा एक वाडा आहे. तीन भाऊ, एक बहीण. एक भाऊ मुंबईत, एक शेतीत, तिसरा नोकरीतून निवृत्त. दर पावसाळ्यात माळवद गळते. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव आहे, म्हणून बँक कर्ज देत नाही. अशा घरी बिल्डर येतो आणि सांगतो, जागा तुमची, पैसा आमचा, तयार इमारतीत तुमचे पंचेचाळीस टक्के. याला तो ‘जेव्ही’ म्हणतो. दोन अक्षरांत संयुक्त भागीदारीचा सारा थाट येतो, आणि घरातल्या थोरल्याला आपण एकाएकी उद्योजक झालो असे वाटू लागते.

सही मात्र दोन कागदांवर होते. एक विकसन करारनामा आणि दुसरे कुलमुखत्यारपत्र. पहिल्या कागदात मालकाला काय मिळणार ते लिहिलेले असते. दुसऱ्या कागदाने नकाशे मंजूर करून घेण्याचा, जुनी इमारत पाडण्याचा, गिऱ्हाइकांकडून पैसे घेऊन त्यांना फ्लॅट विकण्याचा अधिकार बिल्डरकडे जातो. पहिला कागद भविष्यकाळात बोलतो, दुसरा वर्तमानकाळात. मालकाचे देणे पहिल्याच दिवशी पुरे होते, बिल्डरचे देणे इमारत उभी राहील तेव्हा. अर्थशास्त्राच्या भाषेत मालकाने भांडवल घातले आहे, त्यावर व्याज नाही, त्याला तारण नाही आणि कारभारात मतही नाही. साध्या कंपनीच्या भागधारकालाही वर्षातून एकदा सभेला जाता येते. वाड्याच्या मालकाला बांधकामाच्या जागेवर गेल्यास मुकादम विचारतो, आपण कोण?

ही भागीदारी खरी भागीदारी आहे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या एका प्रकरणात आला. कैलास कॉलनीतील एका घरमालकाने 1991 च्या मे महिन्यात उप्पल एजन्सीज या कंपनीशी करार केला. जुने घर पाडून कंपनीने नवी इमारत बांधावयाची, मालकाला तळमजला आणि आठ लाख रुपये द्यावयाचे, वरचे मजले आपण घ्यावयाचे. बांधकाम निकृष्ट झाले, मंजूर नकाशाशी ते जुळत नव्हते, अशी मालकाची तक्रार होती. तो ग्राहक मंचाकडे गेला. जिल्हा मंच, राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग या तिन्ही पायऱ्यांवर एकच उत्तर मिळाले : आपण ग्राहक नाही, आपण तर बिल्डरचे भागीदार आहात, भागीदारांच्या भांडणाला येथे जागा नाही.

10 जुलै 2008 रोजी न्यायमूर्ती रवींद्रन यांनी लिहिलेल्या निकालपत्राने हे उत्तर फिरविले. कागदाच्या मथळ्यावर काय छापले आहे यावरून व्यवहाराचे स्वरूप ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. खऱ्या संयुक्त उपक्रमात नफ्यातोट्यात समाईक हितसंबंध हवा आणि कारभारावर दोघांचा ताबा हवा. या व्यवहारात मालकाला बिल्डरच्या धंद्यातील नफ्यातोट्याशी कर्तव्य नव्हते आणि बांधकामाच्या कारभारात अधिकारही नव्हता. तो जमिनीच्या रूपाने मोल देऊन घर बांधून घेणारा माणूस होता, म्हणून तो ग्राहक होता. 2016 मध्ये विशाखापट्टणमच्या एका जमीनमालकाच्या प्रकरणातही न्यायालयाने तोच न्याय लावला. तेथे इमारतीची वाटणी टक्केवारीने ठरलेली होती, तरीही मालक ग्राहकच राहिला.

हा निकाल महत्त्वाचा आहे, पण त्याचा आनंद मानण्यापूर्वी तारखा पुन्हा पाहाव्यात. करार 1991 चा, निकाल 2008 चा. आणि या सतरा वर्षांनंतर ठरले ते एवढेच की मालकाची तक्रार ऐकून घेण्याजोगी आहे. भिंतीला तडा गेला होता की नाही याची चौकशी करण्यासाठी प्रकरण पुन्हा पहिल्या पायरीवर, जिल्हा मंचाकडे गेले!

त्यातही एक विलक्षण विसंगती आहे. बिल्डरच्या बाजूने पाहिले तर मालक हा ग्राहक. पण ज्याने त्या इमारतीत पैसे भरून फ्लॅट घेतला, त्याच्या बाजूने पाहिले तर तोच मालक प्रवर्तकही ठरू शकतो. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला सर्वत्र रेरा म्हटले जाते, बांधणारा एक आणि विकणारा दुसरा असल्यास दोघांनाही प्रवर्तक मानून संयुक्तपणे जबाबदार धरले आहे. महारेराने 2017 च्या डिसेंबरात काढलेल्या आदेशाने, इमारतीत वा उत्पन्नात वाटा घेणाऱ्या जमीनमालकाला सहप्रवर्तक म्हणून नोंदवावयास लावले. फ्लॅट घेणाऱ्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे; त्याने दोघांनाही पाहून पैसे भरले. परंतु ज्याच्या हाती काहीच अधिकार नव्हता त्या निवृत्त भावाला, बिल्डर परागंदा झाल्यावर, चौदा अनोळखी कुटुंबांच्या नोटिसा येऊ शकतात, हे सही करण्यापूर्वी त्याला कोणी सांगितलेले नसते.

रेराच्या कक्षेबाबत छोट्या गावांचे एक वेगळेच दुखणे आहे. प्रकल्पाची जमीन पाचशे चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल, किंवा फ्लॅट आठांपेक्षा अधिक नसतील, तर नोंदणी लागत नाही. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. म्हणजे पाच गुंठ्यांची जागा काट्यावर मोजली तर पाच-सहा मीटरने मर्यादेबाहेर जाते आणि चार गुंठ्यांची आतच राहते. मुंबई-पुण्याला डोळ्यांपुढे ठेवून आखलेली ही मर्यादा आष्ट्यातील कितीतरी इमारतींना कायद्याच्या उंबऱ्याबाहेर उभी करते. गिऱ्हाइकांच्या पैशापैकी सत्तर टक्के स्वतंत्र बँक खात्यात ठेवून त्याच बांधकामावर खर्च करण्याचे बंधन, हे त्या कायद्यातील सर्वांत मोलाचे कलम, नेमके त्यांनाच लागू होत नाही. तेथे आधार उरतो तो 1963 च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याचा. विक्रीच्या किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदणीकृत करारनाम्याशिवाय घेता येत नाही, हे त्याचे बंधन जुने आहे आणि ते तितक्याच जुन्या सराईतपणे मोडले जाते.

मोठ्या शहरात काय होते हे गोरेगावात पाहावयास मिळते. गोरेगाव पश्चिमेच्या सिद्धार्थनगरात, म्हणजे पत्राचाळीत, 672 कुटुंबे भाड्याने राहत होती. जमीन सत्तेचाळीस एकर, मालक म्हाडा. 2008 मध्ये रहिवाशांची संस्था, म्हाडा आणि गुरुआशिष कन्स्ट्रक्शन ही कंपनी यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. रहिवाशांना नवी घरे, म्हाडाला घरांचा वाटा, उरलेले कंपनीला. रहिवाशांनी घरे रिकामी करून दिली. पुढे कंपनीने रहिवाशांची इमारत पुरी न करताच बांधकामाचे हक्क नऊ विकासकांना विकून नऊशे कोटींहून अधिक रक्कम उभी केली, असा सक्तवसुली संचालनालयाचा आरोप आहे. रहिवाशांचे भाडे थांबले. म्हाडाने 2018 मध्ये करार रद्द केला आणि 2022 मध्ये अखेर स्वतःच बांधकाम हाती घेतले. येथे एका भागीदाराच्या खुर्चीवर प्रत्यक्ष सरकारी महामंडळ बसले होते. तरीही आधी कोणाचे घर आणि मग कोणाचा नफा हा क्रम त्याला राखता आला नाही. सहा गुंठ्यांच्या मालकाकडून मग काय अपेक्षा करावी?

आणि त्याच गोरेगावाच्या पूर्वेला, रेल्वेच्या दुसऱ्या अंगाला, मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांचे सहकारी यांच्या नागरी निवारा परिषदेने नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा आधार घेऊन हजारो अल्प उत्पन्न कुटुंबांसाठी घरे उभी केली. तेथेही खटले झाले, विलंब झाला, सभासदांची उमेद खचण्याचे प्रसंग आले. पण बिल्डर नावाचा भागीदार नव्हता, त्यामुळे सभासदांचे पैसे दुसऱ्या कोणत्या उद्योगात फिरविले जाण्याची सोय नव्हती. समाजवादी कार्यकर्त्यांनी या कामाचा अभिमान पुष्कळ बाळगला, अभ्यास त्या मानाने कमी केला.

आतापर्यंत झाला तो जागा देणाऱ्याचा विचार. इमारतीला दुसरे एक टोक आहे : ती प्रत्यक्ष बांधणाऱ्याचे. बिल्डर वा मुख्य ठेकेदार काम घेतो, तो ते पोटठेकेदारांत वाटतो. सेंट्रिंगवाला वेगळा, गवंडीकाम वेगळे, नळजोडणी वेगळी. पोटठेकेदार आठवड्याच्या बाजारादिवशी मजुरांचा पगार रोख करतो, सिमेंट-सळीच्या दुकानात खाते चालवितो आणि बिल वर पाठवून वाट पाहतो. जागेच्या मालकाने जमिनीच्या रूपाने जे बिनव्याजी भांडवल दिले, तेच हा माणूस कामाच्या रूपाने देत असतो. त्याचेही नाव कोणत्याच भागीदारीत नाही.

हिशेब मांडून पाहावा. एक लाखाच्या कामात पोटठेकेदाराला दहा हजार सुटतात असे धरू. त्याने घातलेले नव्वद हजार खाजगी सावकाराकडून शेकडा तीनने आणले असतील तर दरमहा सत्तावीसशे रुपये व्याज जाते. चौथा महिना संपण्यापूर्वीच त्याचा सारा नफा बुडालेला असतो. बिल वर्षाने निघाले तर व्याजापोटी बत्तीस हजार चारशे गेलेले असतात, म्हणजे काम करण्यासाठी त्याने स्वतःच्या खिशातले बावीस हजार चारशे रुपये मोजलेले असतात. आणि ही रक्कम पुस्तकात कोठेही तोटा म्हणून दिसत नाही. वरच्याच्या पुस्तकात ती फक्त ‘देणे बाकी’ असते.

हे केवळ कागदी गणित नाही. जुलै 2025 मध्ये याच वाळवा तालुक्यातील एका तरुण ठेकेदाराने आत्महत्या केली. जलजीवन योजनेच्या कामाचे सुमारे एक कोटी चाळीस लाख रुपये येणे होते, असे तेव्हा सांगण्यात आले. शासनाकडून खुलासा आला की या नावावर कोणतेही बिल थकलेले नाही, तो पोटठेकेदार होता. खुलासा कागदोपत्री चुकीचा नसेल. परंतु पाण्याची योजना गावात उभी राहते, घाम गाळणारा माणूस गावातलाच असतो, आणि सरकारच्या वहीत त्याचे अस्तित्वच नसते, ही गोष्ट त्या खुलाशाने जितकी स्पष्ट केली तितकी कोणत्याही टीकाकाराने केली नसती. ठेकेदारांच्या संघटनांनी त्याच सुमारास राज्यभरातील थकबाकीचा आकडा नव्वद हजार कोटींच्या घरात असल्याचा दावा केला होता. आकड्याबद्दल वाद होऊ शकेल. मोठी थकबाकी होती याबद्दल नाही.

कायदा येथे काय म्हणतो? करार ज्यांच्यात झाला त्यांनाच तो बांधतो, हे पहिले तत्त्व. पोटठेकेदाराचा करार मुख्य ठेकेदाराशी, सरकारशी वा जागामालकाशी नाही. 1872 च्या करार कायद्याचे सत्तरावे कलम मात्र सांगते की फुकट करण्याचा हेतू नसताना एकाने दुसऱ्यासाठी काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला तर त्याने मोबदला दिला पाहिजे. याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये पश्चिम बंगाल सरकारला, विधिवत करार नसतानाही, बांधून घेतलेल्या कामाचे पैसे द्यावयास लावले. परंतु पोटठेकेदार हे कलम घेऊन गेला की त्याला विचारले जाते, काम तू सरकारसाठी केलेस की तुझ्या ठेकेदारासाठी? तेथे त्याची वाट अडते.

2006 च्या लघुउद्योग कायद्याने पंचेचाळीस दिवसांत बिल देण्याचे बंधन घातले आणि विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज ठरविले. वाचताना वाटते, प्रश्न सुटलाच. परंतु माल आणि श्रम एकत्र असलेले बांधकामाचे कंत्राट या कायद्याच्या कक्षेत बसत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये व पुन्हा 2021 मध्ये नागपूर खंडपीठाच्या निकालात घेतली. खिळे पुरविणाऱ्याला चक्रवाढ व्याज, खिळे ठोकून छप्पर चढविणाऱ्याला नाही! उरतो दिवाणी मार्ग. तीन लाख वा त्याहून अधिक रकमेचा बांधकाम कराराचा अथवा संयुक्त उपक्रमाचा वाद वाणिज्य न्यायालयाकडे जातो आणि तातडीचा आदेश नको असेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची असते. मध्यस्थीला विरुद्ध पक्षाने यावेच लागते असे मात्र नाही.

मजुरीच्या बाबतीत कायद्याने हा पेच केव्हाच सोडविला आहे. कंत्राटदाराने मजुरी बुडविली तर मुख्य मालकाने ती द्यावी, असे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरविले, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी इतर अनेक बाबतींत हात आखडता घेतला असला तरी हे तत्त्व ठेवले आहे. म्हणजे कराराची भिंत ओलांडता येते. ती दर्जा पाहून ओलांडली जाते इतकेच. बिगाऱ्यासाठी ओलांडली, पण जो स्वतः काल बिगारी होता आणि आज चार माणसे घेऊन सेंट्रिंगचे काम करतो, त्याला कायद्याने भांडवलदारांच्या यादीत टाकून दिले. डाव्या चळवळीनेही बहुधा तेच केले. ठेकेदार म्हटला की तो शोषक, या समीकरणात लहान पोटठेकेदार कोठे बसतो याचा विचार झाला नाही.

परदेशांत या प्रश्नावर दोन निराळे उपाय झाले. अमेरिकेत वॉशिंग्टन ही राजधानी उभारली जात असताना मेरीलँड राज्याने 1791 मध्ये कारागिरांना आपल्या थकलेल्या पैशापोटी त्या इमारतीवरच बोजा चढविण्याचा हक्क दिला. इंग्लंडने 1996 च्या कायद्याने दुसरी वाट धरली. वरून पैसे आले तरच खाली देईन, ही अट त्या कायद्याने सामान्यतः निरर्थक ठरविली आणि बांधकामाच्या बिलाचा वाद अठ्ठावीस दिवसांत तात्पुरता तरी मिटविणारा निवाडाकार नेमण्याचा हक्क दिला. आधी पैसे द्या, मग हवे तितके खटले लढा, असा त्यामागील विचार आहे. इंग्लंड हा काही समाजवादी देश नव्हे. मोठ्या ठेकेदारांच्या तिजोरीत अडकलेल्या पैशाने साराच धंदा मंदावतो, इतकेच तेथील भांडवलशाहीला कळले. महाराष्ट्रात असा कायदा व्हावा, त्यात सरकारी कामेही यावीत आणि पोटठेकेदाराची नोंद कामाच्या आदेशातच व्हावी, ही मागणी विधिमंडळापर्यंत नेण्यासारखी आहे. इमारतीच्या वाटणीबाबत मागणी अधिक सोपी आहे : कुलमुखत्यारपत्राची नोंदणी करताना मालकाच्या वाट्याचे मजले आणि फ्लॅट क्रमांकासह लिहिलेले असावेत, आणि त्या वाट्याच्या मोलाइतकी बँक हमी बिल्डरने आधी द्यावी.

कायदा होईपर्यंत तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या हाती वकिली नसली तरी वाचन आहे. कोणाच्या घरी करारनामा आला तर तो सहीआधी वाचला जावा. टक्केवारी लिहिली आहे, पण कोणता मजला हे लिहिले नाही. मुदत लिहिली आहे, पण ती नकाशा मंजुरीपासून मोजायची की सहीपासून हे लिहिले नाही. भाडे मिळेल असे आहे, पण किती महिन्यांपर्यंत हे नाही. बहुतेक खटले याच तीन वाक्यांतून जन्मतात. बहिणीची सही राहिली असेल तर ती हक्कसोड पत्राच्या घाईत उरकून घेऊ नये. वाड्यातला तिचा हिस्साही भावांइतकाच असतो.

पोटठेकेदारासाठी मुदतीचा कायदा निर्दय आहे. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर काम पुरे झाल्यापासून तीन वर्षांत दावा दाखल करावा लागतो. बहुतेकांची ही तीन वर्षे ‘दिवाळीनंतर बघू’ ऐकण्यात जातात. त्या मुदतीच्या आत समोरच्याने देणे मान्य असल्याचे लेखी देऊन सही केली तर मात्र तीन वर्षे नव्याने सुरू होतात. म्हणून दर वर्षी एका साध्या कागदावर बाकीची रक्कम लिहून मुख्य ठेकेदाराची सही घ्यावी. तो सही देणार नाही अशी भीती असते. पुष्कळदा काम चालू असतानाच, पुढचा स्लॅब पडायचा असताना, तो ती देतो. सरकारी काम असेल तर मोजमाप पुस्तक, ज्याला सगळे एम.बी. म्हणतात, त्यातील नोंदींच्या प्रती माहिती अधिकारात मागाव्यात. त्यात नाव मुख्य ठेकेदाराचे असेल, पण चर किती मीटर खणला, नळ किती टाकला आणि कोणत्या तारखेला मोजला हे त्यात असते. आणि त्या तारखांना जागेवर कोण होते याचे साक्षीदार गावातच राहतात.